सोन्याच्या खाणीचें त्रैराशिक
(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)

गेल्या महिन्यांत माझे एक शेजारी हातांत एक छापील पत्रक घेऊन माझ्याकडे आले. गृहस्थ नुकतेच नोकरींतून निवृत्त झालेले; फंडाची रक्कम हातीं आलेली, आणि ती कोठें ठेवावी ह्या विवंचनेंत पडलेले. पत्रक एका लहानशा सोन्याच्या खाणीच्या कंपनीचें होतें. ते म्हणाले, ‘मास्तर, बँका बुडतात, गिरण्या बंद पडतात, पण सोनें कधीं बुडालेलें ऐकलें आहे काय? मग सोनें काढणारी कंपनी तरी कशी बुडेल?’

प्रश्न सरळ होता, आणि तो मनांत आणणारे ते एकटेच नव्हेत. सोन्यावरील आपला विश्वास आजी-पणजीपासून चालत आलेला आहे. अडचणीच्या वेळीं पाटल्या मोडल्या म्हणून घर तरलें, अशी एक तरी हकीकत प्रत्येक कुटुंबांत निघेल. परंतु पाटली निराळी आणि खाण निराळी. पाटलींत सोनें असतें. खाणींत दगड असतो. ह्या भेदामुळें खाणीचा खर्च कसा ठरतो, आणि त्या खर्चावर भागधारकांचा विश्वास कसा बसतो व कसा उडतो, हें आज थोड्या अंकगणिताच्या साह्यानें सांगण्याचा विचार आहे. मी जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविलें. त्याहून अवघड असें गणित ह्या विषयांत नाहीं.

प्रथम दगडाविषयीं. खाणींतून निघणाऱ्या एक टन, म्हणजे एक हजार किलोग्रॅम, दगडांत सोनें किती असतें? पांच-सहा ग्रॅम असलें तर जमिनीखालची खाण बऱ्यापैकीं समजतात. दोन-तीन ग्रॅमांवर चालणाऱ्या खाणीही आहेत. आणि जेथें खडक उघड्यावरच खणतां येतो तेथें एका ग्रॅमालाही काम परवडूं शकतें. टनामागें असणाऱ्या ह्या ग्रॅमांच्या संख्येला आपण खडकाचा कस म्हणूं. हा दगड सुरुंगानें फोडावयाचा, पाळण्यांतून वर आणावयाचा, यंत्रांत पिठासारखा बारीक दळावयाचा, आणि मग सायनाइडच्या पाण्यांत त्यांतील सोनें विरघळवून तें पुन्हां वेगळें करावयाचें. इतकें करूनही सर्व सोनें हातीं लागत नाहीं; दहांतील नऊ हिस्से लागले तरी काम चांगलें झालें असें म्हणावयाचें. टनास तीन ग्रॅम कस धरला तर आपल्या एका जुन्या तोळ्यासाठीं, म्हणजे ११.६६ ग्रॅमांसाठीं, चार टनांहून अधिक दगड दळावा लागतो.

आतां एक काल्पनिक खाण घेऊं. ती वर्षाला एक लाख टन दगड काढते. कस टनास ३ ग्रॅम, आणि हातीं येणारें सोनें नव्वद टक्के, म्हणजे टनामागें २.७ ग्रॅम. वर्षाचें उत्पादन झालें २७० किलोग्रॅम. दगड काढून त्याचें सोनें करीपर्यंतचा खर्च टनामागें ९,००० रुपये धरूं. वर्षाचा खर्च झाला ९० कोटी. सोन्याचा भाव, केवळ हिशेबाच्या सोयीसाठीं, ग्रॅमला ६,००० रुपये धरूं. उत्पन्न १६२ कोटी, खर्च ९० कोटी, नफा ७२ कोटी. एका ग्रॅमचा उत्पादनखर्च सुमारें ३,३३३ रुपये. येथपर्यंत सर्व ठीक.

पुढील वर्षीं खाणीचें काम ज्या भागांत जातें तेथील खडकाचा कस २ ग्रॅमच निघतो. कामगार तितकेच, वीज तितकीच, सुरुंगाची दारू तितकीच. दगडाला काय ठाऊक कीं आपल्यांत सोनें कमी आहे? खर्च ९० कोटीच राहिला. सोनें मात्र १८० किलोग्रॅम निघालें. उत्पन्न १०८ कोटी, नफा १८ कोटी. कस एक-तृतीयांशानें घटला, पण नफा चौथाईवर आला. ग्रॅमचा खर्च ३,३३३ वरून ५,००० रुपयांवर गेला. ह्या धंद्याचें सारें मर्म ह्या एका वाक्यांत आहे : खर्च दगडावर होतो आणि उत्पन्न सोन्यावर मिळतें.

दुसरा प्रसंग. कस ३ ग्रॅमच आहे, पण पाळण्याचें यंत्र मोडलें, किंवा खालीं पाणी भरलें, आणि वर्षांत एक लाखाऐवजीं पन्नास हजार टनच दगड निघाला. खर्चही निम्मा होईल काय? मुळींच नाहीं. खाणींतील पाणी उपसणारे पंप दगड निघो वा न निघो रात्रंदिवस चालवावेच लागतात. हवा खेळती ठेवावी लागते. पगार द्यावे लागतात. आपल्या ९० कोटींपैकीं ६० कोटी अशा कायम खर्चाचे धरले, तर निम्म्या कामाच्या वर्षीं खर्च ७५ कोटी होतो, उत्पन्न ८१ कोटी, आणि नफा अवघा ६ कोटी. मोठ्या कंपनीच्या पांच-सात खाणी असतात. एक आजारी पडली तर बाकीच्या तिला पोसतात. लहान कंपनीची खाण एकुलती एक असते. एकुलत्या एका मुलाच्या आईचा जीव जसा सदा टांगलेला, तशी तिच्या भागधारकांची स्थिति.

तिसरा प्रसंग भावाचा. कापड महाग पडूं लागलें तर गिरणीवाला निराळा माल काढील, निराळें नांव देईल, चार आणे अधिक मागून पाहील. सोन्याच्या खाणीला हें करतां येत नाहीं. तिचें सोनें आणि दुसऱ्याचें सोनें एकच. भाव जगाचा बाजार ठरवितो. आपल्या ३ ग्रॅमांच्या खाणीला भाव दहा टक्के वाढला तर नफा ७२ वरून ८८ कोटींवर जातो, म्हणजे सुमारें बावीस टक्के वाढतो. २ ग्रॅमांच्या खाणीचा मात्र १८ वरून जवळजवळ २९ कोटींवर, म्हणजे साठ टक्के वाढतो. म्हणून तेजीच्या दिवसांत दुबळ्या खाणींचे शेअर सर्वांत अधिक उड्या मारतात, आणि नवखा मनुष्य त्या उडीलाच बळ समजतो. भाव दहा टक्के उतरला कीं त्याच खाणीचा नफा ७ कोटींवर येतो. ज्या शिडीनें चढली त्याच शिडीनें ती खालीं येते, आणि बहुधा अधिक वेगानें.

आतां खर्चाच्या आंकड्यांतील एक खोंच सांगतों. शेतकरी ज्या वर्षीं बियाण्याचें धान्य दळून खातो त्या वर्षीं त्याच्या घरीं स्वस्ताई दिसते. खाणीचेंही तसेंच आहे. आजचा दगड काढीत असतांना उद्यांच्या दगडाकडे जाणारे बोगदे खणावे लागतात, नवीन जागीं छिद्रें पाडून नमुने तपासावे लागतात, जुनीं यंत्रें बदलावीं लागतात. हें काम थांबविलें कीं ग्रॅमचा खर्च तात्काळ कमी दिसतो, आणि दोन-तीन वर्षांनीं खाणींत काढण्याजोगें कांहीं उरत नाहीं. आपल्या काल्पनिक खाणींत ह्या कामास वर्षाला १५ कोटी लागतात असें धरलें, तर ग्रॅमचा खरा खर्च ३,३३३ नसून ३,८८९ रुपये होतो. पूर्वीं कंपन्या बहुधा लहान आंकडाच पुढें करीत. २०१३ सालीं वर्ल्ड गोल्ड कौन्सिल ह्या संस्थेनें खाण चालू ठेवण्यास लागणारा असा सर्व खर्च धरून आंकडा देण्याची एक रीत घालून दिली, आणि पुष्कळ कंपन्यांनीं ती स्वीकारली. तेव्हां कोणी ‘आमचा खर्च अमुक’ असें सांगितलें कीं पहिला प्रश्न हा विचारावा : ह्यांत बियाणें धरलें आहे कीं नाहीं?

हें झालें गणित. परंतु विश्वास ही वस्तु केवळ गणितानें उत्पन्न होत नाहीं. तेथें इतिहासाकडे वळलें पाहिजे. आपल्याच देशांत, जवळजवळ एकाच वेळीं, ह्या विषयाचे दोन धडे मिळाले.

पहिला धडा वायनाडचा. तेथें व शेजारच्या निलगिरीच्या पायथ्याशीं सोनें आहे हें पूर्वींपासून ठाऊक होतें. १८७९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांत खाणींचें काम केलेले ब्रो स्मिथ हे सरकारच्या वतीनें तेथें पाहणीस आले आणि त्यांचा अभिप्राय आशादायक पडला. लंडनमध्यें एकच गर्दी उसळली. दोन-तीन वर्षांत तीसाहून अधिक कंपन्या निघाल्या. त्यांचें कागदावरील भांडवल चाळीस लाख पौंडांच्या वर गेलें. कॉफीचे मळे सोन्याची जमीन म्हणून भरमसाट किंमतीला विकले गेले. भांडवलाचा मोठा हिस्सा जमीन विकणाऱ्यांच्या व कंपन्या उभारणाऱ्यांच्या खिशांत गेला; उरलेल्यांतून यंत्रें आलीं, बंगले उठले. खडक किती कसाचा आहे हें शेवटीं पाहण्यांत आलें. तो परवडण्यासारखा नव्हता. थोड्याच वर्षांत बहुतेक कंपन्या मोडल्या, आणि यंत्रें रानांत गंजत पडलीं.

दुसरा धडा कोलारचा. तेथें फार प्राचीन काळापासून लोक सोनें काढीत. १८०२ सालीं लेफ्टनंट जॉन वॉरन ह्यानें त्या कामाची हकीकत लिहून ठेविली. पुढें मायकेल लाव्हेल नांवाच्या निवृत्त सैनिकानें १८७५ त म्हैसूर दरबाराकडून खाणीचा परवाना मिळविला, आणि १८८० सालीं म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनी उभी राहिली. तिची व्यवस्था लंडनच्या जॉन टेलर आणि पुत्र ह्या पेढीकडे आली. चार वर्षें खणून सोनें दिसेना. भांडवल संपत आलें, शेअरांचा भाव कोसळला, आणि उरलेला पैसा वाटून घेऊन कंपनी गुंडाळावी असें बहुतेक भागधारकांना वाटूं लागलें. टेलर यांनीं शिल्लक रकमेंत आणखी एक प्रयत्न करण्यास त्यांचें मन वळविलें. खाणीवरील अधिकारी कॅप्टन प्लमर ह्यांनीं प्राचीन खाणकामाच्या खालच्या थरांत खोल जाऊन शोध घेतला, आणि तेथें ‘चँपियन’ नांवानें पुढें प्रसिद्ध झालेली शीर लागली. १९०५ च्या सुमारास कोलारच्या खाणींचें वार्षिक उत्पादन सहा लाख औंसांवर पोंचलें होतें.

ही कथा ऐकून ‘धीर धरणाऱ्याचा जय होतो’ असें तात्पर्य काढण्याचा मोह होतो. मी तें काढणार नाहीं. धीर वायनाडच्याही कांहीं भागधारकांनीं धरला असेल. त्यांची आठवण कोणी ठेविली नाहीं, इतकेंच. भेद येथें आहे. कोलारांत, ‘येथें सोनें होतें’ असा पुरावा प्राचीन लोकांनीं खणलेल्या विवरांच्या रूपानें डोळ्यांपुढें होता, आणि तो पुरावा तपासण्यापुरता पैसा अजून शिल्लक होता. वायनाडांत पैसा आधीं खर्च झाला आणि पुरावा मागाहून शोधला. तरीही दैवाचा भाग उरतोच, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. प्लमर यांना शीर सांपडली नसती तर टेलर यांचें नांव आज दूरदर्शी म्हणून नव्हे, तर दुराग्रही म्हणून घेतलें गेलें असतें.

कोलारचा पुढील इतिहास हा खर्चाशीं झगडण्याचा इतिहास आहे. सायनाइडची रीत १८८७ सालीं ग्लासगोंत निघाली. तिच्यामुळें पूर्वीं फुकट जाणारें सोनें हातीं येऊं लागलें. त्या गाळाच्या करड्या टेकड्या कोलारास अजून दिसतात. १९०२ सालीं कावेरीवरील शिवसमुद्रम् येथील धबधब्याची वीज सुमारें ब्याण्णव मैलांवरून तारांनीं खाणीपर्यंत आणण्यांत आली, आणि वाफेच्या यंत्रांना लागणाऱ्या जळणाचा भार हलका झाला. परंतु खाण जसजशी खोल जाते तसतसा निसर्ग आपलें व्याज वाढवीत जातो. कोलारची खोली तीन किलोमीटरांच्या पलीकडे गेली. तेथें खडकच साठ अंशांहून अधिक तापलेला. थंड हवा खालीं सोडावी लागे. दाबामुळें खडक अचानक फुटून माणसें मरत. वरचा उत्तम कसाचा दगड संपला होता. १९५६ त खाणी म्हैसूर सरकारकडे व १९६२ त मध्यवर्ती सरकारकडे गेल्या. १९९९ सालीं जगांत सोन्याचा भाव औंसाला अडीचशें डॉलरांच्या आसपास उतरला. २८ फेब्रुवारी २००१ रोजीं खाणी बंद झाल्या. सव्वाशें वर्षांच्या आंत सुमारें आठशें टन सोनें देणाऱ्या त्या गांवचे लोक पहांटेच्या गाडीनें कामासाठीं बंगळूरास जाऊं लागले. पुढें सोन्याचा भाव कित्येक पटींनीं चढला. पण तोंवर विवरांत पाणी भरलें होतें. भाव चढण्याची वाट पाहावयाची तर तोंवर पाणी उपसण्याचा खर्च कोणीतरी सोसावा लागतो. सोनें बुडालें नाहीं, श्रोतेहो. खाण बुडाली, आणि तीही शब्दशः.

आतां विश्वासघाताचें एक उदाहरण. कॅनडांतील कॅल्गरी शहरीं ब्रे-एक्स नांवाची एक लहान कंपनी होती. इंडोनेशियांतील बुसांग येथें आपणांस अफाट सोनें सांपडलें आहे असें तिनें जाहीर केलें. शेअर इतके चढले कीं बाजारांत कंपनीची किंमत सहाशें कोटी कॅनेडियन डॉलरांच्या घरांत गेली. १९९७ सालीं त्रयस्थ तज्ज्ञांनीं नमुने तपासले तेव्हां तेथें काढण्याजोगें सोनें नाहीं असें ठरलें. दगडाच्या चुऱ्यांत बाहेरून सोनें मिसळलेलें होतें. निवृत्तांच्या फंडांतील पैसाही त्यांत गेला. एक खूण आधींच दिसत होती. जमिनींतून काढलेला दगडाचा दांडा उभा चिरून अर्धा तपासावयास पाठवावा आणि अर्धा जपून ठेवावा, म्हणजे कोणासही फेरतपासणी करतां येते, अशी ह्या धंद्यांतली रीत आहे. ह्या कंपनीनें बहुतेक सर्व दांडे अख्खेच दळून टाकले होते. परीक्षेनंतर उत्तरपत्रिका जाळून टाकणाऱ्या विद्यार्थ्याच्या गुणांवर कोण विश्वास ठेवील? ह्या प्रकरणानंतर, २००१ सालीं, खाणीविषयींची माहिती अधिकारी तज्ज्ञाच्या सहीनेंच प्रसिद्ध करावी असा सक्त नियम कॅनडांत झाला.

तात्पर्य काय? खर्च अधिक आहे म्हणून विश्वास उडतो असें नाहीं. ‘यंदां कस घटला, खर्च वाढला, कारण हें, उपाय हा,’ असें स्पष्ट सांगणाऱ्या चालकांना भागधारक बहुधा सांभाळून घेतात. विश्वास उडतो तो गेल्या वर्षीं दिलेला आंकडा यंदां मुकाट्यानें बदलला म्हणजे. ग्रॅमच्या खर्चाऐवजीं सोन्याच्या भावाचेंच वर्णन पत्रकभर केलें म्हणजे. आणि पैसे संपले कीं दर वर्षीं नवे शेअर विकले म्हणजे. ह्या शेवटच्या गोष्टीकडे सामान्य मनुष्याचें लक्ष जात नाहीं. दहा जणांत वाटावयाची पोळी वीस जणांत वाटली, तर पोळी मोठी झाल्यावांचून प्रत्येकाचा तुकडा निम्मा होणारच.

तेव्हां माझ्या शेजाऱ्यांना मीं पांच प्रश्न कागदावर लिहून दिले. दगडाचा कस टनास किती, आणि तो कोणी तपासला? एका ग्रॅमचा खर्च किती, आणि त्यांत उद्यांच्या कामाचा खर्च धरला आहे काय? भाव वीस टक्के उतरला तर काय उरेल? तिजोरींतील पैसा किती महिने पुरेल? आणि गेल्या तीन वर्षांत शेअरांची संख्या किती वाढली? ह्यांतील एकाही प्रश्नाला सोन्याचें ज्ञान लागत नाहीं. पाटी आणि पेन्सिल पुरते.

आम्हीं दोघांनीं मिळून तें पत्रक पुन्हां वाचलें. सोन्याचा भाव त्यांत चार ठिकाणीं ठळक अक्षरांत होता. ह्या पांचांपैकीं एकाचेंही उत्तर नव्हतें. ‘म्हणजे कंपनी खोटी आहे असें समजूं काय?’ त्यांनीं विचारलें. मी म्हणालों, ‘तसें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. ती कंपनी कदाचित् दुसरें कोलारही असेल. पण न सांगितलेल्या उत्तराला गुण देण्याची माझी संवय नाहीं.’ त्यांनीं कंपनीला पत्र लिहून हे पांच प्रश्न पाठविले आहेत. उत्तर येईपर्यंत फंडाची रक्कम बँकेंत आहे, आणि त्यांच्या पत्नीच्या पाटल्या कपाटांत आहेत. दोन्ही आपापल्या जागीं सुखरूप असोत.